विश्लेषण : ‘दुपारी घराबाहेर पडू नका’, पण घरच नसेल तर? छत्रपती संभाजीनगरच्या बेघरांसमोर उन्हाचे संकट किती मोठे?

मार्च उजाडला की जिल्हा प्रशासन, महापालिका आणि आरोग्य विभागाच्या सूचना सुरू होतात. दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, खिडक्यांना पडदे लावा, थंड पाण्याने वारंवार अंघोळ करा. सूचना योग्यच आहेत. मात्र त्या सगळ्या घर असलेल्या माणसासाठी आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकाबाहेर, मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, घाटी रुग्णालयाच्या भोवती किंवा उड्डाणपुलाखाली पथारी टाकणाऱ्याला यातील एकही सूचना पाळता येत नाही. हवामान बदलामुळे उन्हाळे अधिक तापत असताना या माणसांसाठी शहराकडे काय व्यवस्था आहे, ती कुठे अपुरी पडते आणि काय करता येईल, याचा हा आढावा.

बेघर म्हणजे नेमके कोण?

जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब किंवा व्यक्ती इमारतीत, छताखाली राहत नाही आणि रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, मोठ्या पाइपमध्ये, मंदिर-मशिदीच्या ओट्यावर किंवा फलाटावर राहते, ती बेघर. झोपडपट्टीत राहणारे या व्याख्येत येत नाहीत, कारण झोपडी कितीही मोडकी असली तरी तिची घर म्हणून नोंद होते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. त्यात देशभरात १७.७३ लाख बेघर आढळले, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांमध्ये होते. महाराष्ट्रातील आकडा सुमारे २.११ लाख होता. उत्तर प्रदेशानंतर देशात तो सर्वाधिक होता.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हा समूह एकसारखा नाही. मजूर अड्ड्यावर कामाच्या शोधात येणारे आणि भाडे परवडत नाही म्हणून उघड्यावर झोपणारे आहेत. हातगाडी, रिक्षा किंवा भंगाराचा गोणा सोडून जाता येत नाही म्हणून तिथेच आडवे होणारे आहेत. घरातून बाहेर काढलेले वृद्ध, मनोरुग्ण, नवऱ्याने टाकलेल्या बायका आहेत. शिवाय मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून घाटीत रुग्ण घेऊन येणारे आणि आठ-आठ दिवस आवारातच मुक्काम करणारे नातेवाईकही आहेत. गावाकडे त्यांचे घर असते, पण त्या दिवसांपुरते तेही बेघरच असतात आणि ऊन त्यांनाही तितकेच लागते.

शहराचा उन्हाळा किती कडक?

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या या शहरात मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असते. आजवरचा उच्चांक २५ मे १९०५ रोजीचा, ४६ अंशांचा आहे. म्हणजे कडक ऊन शहराला नवे नाही. बदल झाला आहे तो उन्हाच्या मुक्कामात आणि रात्रीच्या तापमानात. मोकळ्या जमिनीच्या आणि झाडांच्या जागी सिमेंट, डांबर आणि पत्रे आले. दिवसभर तापलेले हे पृष्ठभाग रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. पठारावरच्या ज्या रात्री पूर्वी गार होत, त्या आता उकाड्यात जातात.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. कमाल तापमान ४० च्या वर असताना किमान तापमानही सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून अधिक राहिले, तर ‘उष्ण रात्र’ म्हणून वेगळा इशारा दिला जातो. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी हा दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा आहे. मात्र चर्चा नेहमी दुपारच्या आकड्याची होते.

केवळ ४५ अंशच जीवघेणे असतात असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. किती तास उन्हात राहावे लागले, पाणी मिळाले का आणि सावली होती का, यावर जगणे-मरणे ठरते. बेघर माणसासाठी हे तिन्ही प्रश्न रोजचे आहेत.

रस्त्यावरच्या माणसाला धोका अधिक का?

शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. उन्हात श्रम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी आणि क्षार परत मिळाले नाहीत तर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की मेंदूवर परिणाम होऊ लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, कोसळतो. हाच उष्माघात.

दिवसभराचा हा ताण रात्री भरून निघतो. शरीराला सावरण्यासाठी गार जागेत काही तासांची सलग झोप लागते. पदपथावर तापलेली फरशी, वाहनांचा धूर, डास आणि कुणीतरी हुसकावून लावेल ही भीती, यात ती मिळत नाही. थकवा दुसऱ्या दिवशी तसाच पुढे जातो. म्हणून लाटेच्या पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा दिवस अधिक घातक ठरतो.

त्यात कुपोषण, क्षयरोग, मधुमेह, दारूचे व्यसन यांची भर पडते. मनोविकारावरील काही औषधांमुळे घाम येण्याची प्रक्रिया मंदावते. दारूमुळे शरीरातील पाणी आणखी कमी होते. सर्वात घातक बाब म्हणजे उष्माघात झालेला बेघर माणूस बघणाऱ्याला अनेकदा दारू पिऊन पडलेला वाटतो. लोक वळसा घालून पुढे जातात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

पाण्याचा प्रश्न इथे वेगळा का?

छत्रपती संभाजीनगरचे पाणी सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण भरले तरी शहर तहानलेले राहते. अनेक वसाहतींना आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही उशिरा पाणी मिळण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कामाच्या गतीत लक्ष घालावे लागले.

या टंचाईत शहर तगून आहे ते साठवणुकीवर. नळाला पाणी आले की टाक्या, ड्रम, हंडे, बादल्या भरून घेतल्या जातात. कमी पडले तर टँकर किंवा जार मागवला जातो. मराठवाड्यातील माणसाने दुष्काळाशी जुळवून घेतले ते धान्य, पाणी आणि चारा साठवून. हवामानाशी जुळवून घेण्याचे हे सर्वात जुने आणि खात्रीचे साधन आहे. बेघर माणसाकडे नेमके तेच नाही. त्याला पाणी साठवायला ड्रम नाही आणि ड्रम ठेवायला जागा नाही. औषध, कोरडे कपडे, कागदपत्रे, दोन दिवसांचे धान्य यांचेही तसेच.

त्यामुळे ज्या शहरात घरातल्या नळालाच रोज पाणी नसते, तिथे सार्वजनिक नळ मिळणे आणखी दुरापास्त होते. हॉटेलात ग्राहक नसलेल्याला पाणी मिळेलच असे नाही. बाटलीबंद पाण्यासाठी लिटरमागे २० रुपये मोजायचे म्हटले, तर दिवसाच्या पाच लिटरसाठी १०० रुपये लागतात. अंघोळ आणि शौचाचे पैसे वेगळे. शौचालय लांब असल्याने किंवा पैसे पडत असल्याने अनेक स्त्रिया मुद्दामच पाणी कमी पितात. उन्हाळ्यात ही सवय थेट मूत्रपिंडावर उठते.

संकट फक्त उन्हाचे आहे का?

नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने पाण्याचे दुसरे टोक पाहिले. जायकवाडीतून मोठा विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठच्या वस्त्यांना, शेतांना त्याचा तडाखा बसला. अशा पावसात शहरातील बेघरांची पथारी, पांघरूण आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले आधार कार्ड एका रात्रीत भिजून जाते. साचलेल्या पाण्यामुळे डास वाढतात, डेंग्यू-हिवताप फैलावतो. मच्छरदाणी लावायला त्यांच्याकडे चार भिंती नसतात.

हवामान बदलाचा आणखी एक धागा गावाकडे जातो. लागोपाठ पाऊस हुकला किंवा अतिवृष्टीने पीक गेले की अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. काही ऊसतोडीला जातात, काही पुणे-मुंबई गाठतात, काही जवळच्या या शहरात येतात. वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींमुळे कामाची आशा असते. काम मिळेपर्यंत आणि अनामत रकमेची जुळवाजुळव होईपर्यंत मुक्काम रस्त्यावर. म्हणजे हवामान बदल बेघरांना त्रास देतोच, शिवाय त्यांच्या संख्येत भरही घालतो.

निवारा केंद्रांचे धोरण आले कुठून?

जानेवारी २०१० मध्ये दिल्लीतील कडाक्याच्या थंडीत बेघरांचे मृत्यू झाले. अन्नाच्या हक्कासाठी ‘पीयूसीएल’ या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेली याचिका तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सुरू होती. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी हे मृत्यू निदर्शनास आणले. न्यायालयाने आधी दिल्ली सरकारला आणि नंतर सर्व राज्यांना निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि त्यात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक आला. अंमलबजावणी संथ असल्याचे दिसल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने न्या. कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पाहणी करवली.

अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहराच्या प्रत्येक एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल असे कायमस्वरूपी निवारे हवेत. ते २४ तास आणि बाराही महिने खुले हवेत. प्रत्येकाला किमान ५० चौरस फूट जागा, पिण्याचे पाणी, शौचालय, स्नानगृह, वीज आणि सामान ठेवायला कुलूपबंद कप्पा हवा. निवारे बेघरांच्या वावराच्या आणि कामाच्या ठिकाणांजवळ, म्हणजे रेल्वे स्थानक, बसस्थानक, बाजारपेठ येथे असावेत, असेही त्यात म्हटले आहे.

छत्रपती संभाजीनगरला हा निकष लावून पाहता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११.७५ लाख होती. त्या जुन्या आकड्यानुसारही शहरात सुमारे १,१७५ जणांची सोय हवी. ५० जणांचा एक निवारा धरला, तर २३ ते २४ केंद्रे लागतात. त्यानंतर शहर बरेच वाढले आहे, त्यामुळे आजची गरज याहून मोठी आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची आहे. धोरणाचा जन्म दिल्लीच्या थंडीत झाला, त्यामुळे निवारा म्हणजे रात्री झोपण्याची जागा हे समीकरण प्रशासनाच्या आणि लोकांच्याही मनात पक्के बसले. ‘रात्र निवारा’ हा शब्दच ते सांगतो. थंडी रात्री मारते. मराठवाड्यातला उन्हाळा दुपारी मारतो. संध्याकाळी दार उघडून सकाळी बाहेर काढणारा निवारा मे महिन्यात सर्वात धोक्याच्या वेळी बंद असतो. ‘२४ तास’ हा कागदावरचा शब्द दुपारी दोन वाजता खरा ठरतो का, हे पाहायला हवे.

दुसरी अडचण इमारतीची. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या, खेळती हवा नसलेल्या खोलीत उन्हाळ्याच्या रात्री बाहेरपेक्षा अधिक उकडते. अशा निवाऱ्यात जाण्यापेक्षा पदपथ बरा, असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘बेघर निवाऱ्यात यायला तयार नसतात’ या तक्रारीमागे हेही एक कारण असते.

तिसरी अडचण जागेची आणि कुटुंबाची. मजुराला पहाटे अड्ड्यावर हजर राहावे लागते. निवारा लांब असेल तर एक दिवसाचा रोजगार बुडतो. नवरा-बायको आणि मुलांना एकत्र ठेवणारी केंद्रे कमी असतात. एकट्या स्त्रीला आणि मनोरुग्णाला स्वतंत्र व्यवस्था लागते.

चौथी अडचण भीतीची. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, महाराष्ट्रात मात्र तो कायम आहे. गणवेशातला माणूस किंवा सरकारी गाडी दिसली की मदतीऐवजी कारवाईची शंका येते आणि माणसे पळतात.

उष्माघाताने किती बेघर दगावतात?

याचे उत्तर नोंदींच्या पद्धतीत अडकते. रस्त्यावर मृतदेह आढळला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, मृतदेह घाटीत शवविच्छेदनासाठी जातो. राज्यात उष्माघाताचा संशयित मृत्यू समितीच्या तपासणीनंतरच निश्चित धरला जातो. त्यासाठी ती व्यक्ती किती वेळ उन्हात होती, आधी कोणती लक्षणे होती, कोणते आजार होते हे सांगणारे कुणीतरी लागते. बेवारस मृतदेहाबाबत सांगणारे कुणी नसते. मृतदेह उशिरा सापडला तर शरीराचे तापमानही पुरावा म्हणून उरत नाही. मग कारणाच्या रकान्यात हृदयविकार, अशक्तपणा किंवा व्यसन असे काहीतरी लिहिले जाते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मे २०२५ मध्ये महाराष्ट्रासह ११ राज्यांना पत्र लिहून बेघर, उघड्यावर काम करणारे, वृद्ध आणि मुलांना उष्णतेपासून वाचवण्याच्या सूचना दिल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ ते २०२२ या काळात उष्णतेने ३,७९८ मृत्यू झाल्याचा उल्लेख त्यात होता. दुसरीकडे, दिल्लीत ‘सेंटर फॉर होलिस्टिक डेव्हलपमेंट’ या संस्थेने ११ ते १९ जून २०२४ या अवघ्या नऊ दिवसांत १९२ बेघरांचा मृत्यू झाल्याचा दावा केला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर सरकारी नोंदीत किती मृत्यू निसटत असतील याचा अंदाज येतो.

इतर शहरांनी काय केले?

मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक जास्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्या धड्यातून २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा आणला. लाटेच्या काळात रात्र निवारे दिवसभर उघडे ठेवावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ पासून असा आराखडा राबवायला सुरुवात केली आणि दुपारी बंद राहणारी उद्याने उन्हाळ्यात खुली ठेवण्याचा मार्ग अवलंबला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. छताला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग किंवा चुना दिला तर खोलीतील तापमान काही अंशांनी उतरते. यातील कोणताही उपाय अवघड तंत्रज्ञान मागत नाही.

छत्रपती संभाजीनगरला काय करता येईल?

सर्वात आधी, मार्च ते जून या काळात शहरातील सर्व निवारा केंद्रांची दारे दुपारी खुली ठेवता येतील. त्यासाठी नवी इमारत नको, एका पाळीचे कर्मचारी वाढवावे लागतील. केंद्रांच्या छतांना पांढरा रंग, खिडक्यांना जाळ्या, पंखे आणि पाण्याची मोठी टाकी हा एकदाच करायचा खर्च आहे.

दुसरे, सावली वाढवता येईल. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच सिद्धार्थ उद्यान आहे. उन्हाळ्याच्या दुपारी त्याचा झाडीचा एक भाग विनाशुल्क खुला केला, तर शेकडो जणांना आसरा मिळेल. महापालिकेची बंद पडून असलेली सभागृहे, शाळांच्या उन्हाळी सुटीत रिकाम्या असलेल्या वर्गखोल्या यांचा विचार होऊ शकतो.

तिसरे, पाणी. पाणपोई ही या भागाची जुनी रीत आहे. मलिक अंबरच्या काळापासून खापराच्या नळांतून आणलेले नहरीचे पाणी शहरातील हौदांत पोहोचत असे. पाणचक्कीच्या परिसरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंची सोय होती, तिथल्या चक्कीवर त्यांच्यासाठी पीठ दळले जात असे. आजही मंडळे, व्यापारी आणि दानशूर लोक उन्हाळ्यात पाणपोया लावतात. त्या बहुधा बाजारपेठेत असतात आणि संध्याकाळी बंद होतात. महापालिकेने रेल्वे स्थानक, बसस्थानक, घाटी आणि मजूर अड्डे येथे रात्रीही सुरू राहणाऱ्या पाणपोयांची जागा ठरवून दिली, टँकरच्या फेऱ्यांत त्यांचा समावेश केला आणि शेजारच्या शौचालयात बेघरांना पैसे न घेता प्रवेश दिला, तर याच रीतीचा उपयोग वाढेल.

चौथे, फिरते पथक. इशारा जाहीर झाला की आरोग्यसेविका, निवारा चालवणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता आणि पोलीस यांचे पथक दुपारी आणि रात्री ठरलेल्या ठिकाणी फिरले, तर कोसळण्याआधी माणूस सापडतो. मनोरुग्ण आढळल्यास त्याला संरक्षण देऊन आरोग्य केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर टाकलेलीच आहे.

यासाठी पैसा कुठून येणार?

हा प्रश्न खरा आहे. निवाऱ्यांना आधार देणाऱ्या दीनदयाळ अंत्योदय योजना–राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. त्याच्या जागी ‘दीनदयाळ जन आजीविका योजना (शहरी)’ सुरुवातीला २५ शहरांत पथदर्शी स्वरूपात आली. जुन्या योजनेतही केंद्र चालवण्याचा खर्च पाच वर्षांपुरताच मिळणार होता. पुढचा भार महापालिकेवर येणार हे ठरलेलेच होते, आणि पाणी योजनेच्या हिश्शाने आधीच वाकलेल्या महापालिकेला तो जड जाणार, हेही उघड आहे.

आपत्ती निधीतही अडथळा आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या १५ व्या वित्त आयोगाने केंद्राच्या अधिसूचित आपत्तींची यादी वाढवण्याची गरज नसल्याचे म्हटले. त्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. मात्र राज्यांना स्थानिक आपत्तींसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा देण्यात आली. तेव्हा उपाय थांबण्याचे कारण फक्त पैसा नाही. दुपारी दार उघडे ठेवण्यासाठी, उद्यानाची वेळ बदलण्यासाठी आणि पाणपोईची जागा आखून देण्यासाठी मोठा निधी लागत नाही. हे काम नेमके कोणत्या विभागाचे, हे ठरावे लागते.

सामान्य नागरिक काय करू शकतात?

भर उन्हात कुणी पडलेले दिसले तर तो प्यायलेला आहे असे गृहीत धरू नये. हाक मारावी, हात लावून पाहावा. अंग तापलेले असेल, बोलणे असंबद्ध असेल किंवा प्रतिसाद नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओले फडके ठेवावे. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

पुढे काय?

आगामी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवण्यात आला आहे. २०११ नंतर बेघरांची ही पहिलीच देशव्यापी मोजणी असेल आणि निवाऱ्यांची पुढची गरज तिच्यावर ठरेल. मात्र फेब्रुवारी-मार्चच्या एका रात्रीत दिसणारा आकडा मे महिन्याचा नसतो. दुष्काळाने किंवा अतिवृष्टीने गाव सोडून आलेली कुटुंबे, घाटीच्या आवारातील नातेवाईक, कामाच्या शोधात आलेले मजूर यांची संख्या हंगामानुसार बदलते. महापालिकेने उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात असे दोनदा स्वतःचे सर्वेक्षण केले, तर कुठे किती पाणी, किती सावली आणि किती खाटा लागतील हे कळेल. तोपर्यंत ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ या सूचनेखाली आणखी एक ओळ छापता येईल : घर नसलेल्यांसाठी दुपारी उघडी असणारी ठिकाणे आणि त्यांचे पत्ते. ती ओळ छापण्यासाठी आधी ती ठिकाणे उघडावी लागतील.